मुक्याचा जामीन

पाठाची ओळख

कुत्रा पाळणे हा कोणाचा छंद असतो, तर कोणाची गरज. पण कुत्र्याचा मालक आणि त्याचा शेजारी यांच्यात तंटा झाला, तर चूक कोणाची आणि ती निस्तरायची कोणी? कायदा याबाबत काय सांगतो? सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांतील काही उदाहरणे देऊन लेखकाने या पाठात हा प्रश्न उलगडून दाखवला आहे. पाठातील गल्लीची गोष्ट कल्पित आहे; कायद्याची माहिती मात्र खरी आहे.

* * *

सातारा शहराजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. त्या जागेला संगम माहुली म्हणतात. तेथे राजघराण्यातील समाध्या आहेत. त्यांच्यातच एका कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. हा छत्रपती शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या, असे लोक सांगतात. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांचे प्राण वाचवले होते. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातही या कुत्र्याची हकीकत आहे. वाघाच्या शिकारीत जीव वाचवल्याबद्दल महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला, असे डफ लिहितो.

मुलांनो, या गोष्टीचे आपल्याला हसू येते. पण थोडा विचार करा. सनद कुत्र्याच्या नावाची असली, तरी कुत्र्याला ती वाचता येत नव्हती. जहागिरीचा हिशेब माणसेच ठेवत असणार. पालखीही माणसेच उचलत असणार. कुत्र्याला मान मिळो वा त्याच्यावर ठपका येवो, त्याच्या वतीने उभे राहावे लागते ते माणसालाच.

सातारा आणि सांगली हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. या दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत असे कमी पावसाचे तालुके आहेत. तेथील मेंढपाळ कळप घेऊन रानोमाळ फिरतात. रात्री उघड्या माळावर मेंढ्या बसतात, तेव्हा लांडग्यांपासून त्यांची राखण कुत्राच करतो. कुत्रा भुंकला, की धनगर जागा होतो. माळावर कुत्र्याचे भुंकणे हे त्याचे काम असते.

तेच भुंकणे शहरातल्या अरुंद बोळात आले, की त्याची तक्रार होते. कुत्रा तोच, आवाजही तोच. पण मध्ये शेजाऱ्याची भिंत आलेली असते. अशाच एका बोळाची ही गोष्ट.

मिरज हे शहर तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे बनणाऱ्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील एका बोळात तंबोरे बनवणारे एक कारागीर राहतात. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. दोन वर्षांपूर्वी पावसात भिजलेले कुत्र्याचे एक पिल्लू त्याला सापडले. त्याने ते घरी आणले. त्याचे नाव ठेवले शेरू.

दादी म्हणाली, "पोरा, घरात नमाज होते. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली, तर कपडा धुवावा लागतो. तो घरात नको."

मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा दादीनेच त्याला समजावले, "घरात नको म्हटले, पण उपाशी ठेव असे नाही म्हटले. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीचे पाणी काढून पाजणाऱ्या माणसावर अल्ला खूश झाला, ही हकीकत मीच तुला सांगितली आहे ना?"

शेरू कारखान्याच्या पायरीवर राहू लागला. मुलाने बाजारातून लाल पट्टा आणून त्याच्या गळ्यात बांधला. रात्री तो मोकळाच असे. कारखान्यात भोपळे आणि लाकूड यांचा साठा होता. त्याची आपोआप राखण होई. अब्बा खूश होते.

समोरच्या घरात एक काकू राहत. त्यांचा सहा वर्षांचा नातू रोज सकाळी दूध आणायला जाई. शेरू सायकलींच्या मागे धावतो, रात्री बारा वाजता भुंकतो, दारात घाण करतो, हे काकूंनी दोनतीनदा सांगून पाहिले. अब्बा हसून म्हणत, "वहिनी, मुके जनावर आहे. त्याला काय कळते?"

एके दिवशी सकाळी तो नातू दुधाची पिशवी घेऊन पळत येत होता. शेरू त्याच्या मागे धावला आणि त्याने मुलाच्या पोटरीचा चावा घेतला. रक्त आले. बोळात आरडाओरडा झाला. काकू ओरडल्या, "भाई, तुमच्या कुत्र्याला सुई टोचली आहे का, ते आधी सांगा!"

अब्बा घाबरले. पोलीस, दंड, दवाखान्याचा खर्च असे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. ते पटकन बोलून गेले, "आमचा कुठे आहे? तो तर गल्लीचा कुत्रा आहे. आम्ही फक्त भाकरी टाकतो."

बोळाच्या टोकाला एक आजोबा राहत. त्यांनी न्यायालयात बेलीफ म्हणून नोकरी केली होती. आवाज ऐकून ते बाहेर आले. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही. आधी नळ सोडला, साबण मागवला आणि घड्याळ पाहत जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुतली. कोणी हळद आणली, कोणी चुना आणला. त्यांनी काहीच लावू दिले नाही. मग ते म्हणाले, "आता थेट सरकारी दवाखाना. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पण डॉक्टर विचारतील, कुत्रा पाळीव की भटका, लस दिलेली की न दिलेली. खरे सांगावे लागेल. ह्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

ते मुलाकडे वळले. "शेरूच्या गळ्यात पट्टा कोणी बांधला?"

मुलाने अब्बांकडे पाहिले. अब्बांनी मान खाली घातली. मुलगा हळूच म्हणाला, "मी बांधला. कुत्रा आमचा आहे. त्याला लस दिलेली नाही."

हे एक वाक्य बोलणे सोपे नव्हते. पण त्यामुळे डॉक्टरांना खरी माहिती मिळाली आणि उपचार वेळेवर सुरू झाले.

रेबीज हा रोग किती भयंकर आहे, हे समजून घ्या. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. मात्र चावा घेतल्याबरोबर लस सुरू केली, तर हा रोग टाळता येतो. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो मुलगा वाचला. आज महिनाभरात लसीच्या चार किंवा पाच मात्रा देतात. जखम खोल असेल, तर जखमेत वेगळे औषधही टोचतात. एकही मात्रा चुकवायची नसते.

चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते. दहा दिवस तो निरोगी राहिला, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते, असे समजतात. म्हणून शेरूला कारखान्याच्या मागे बांधले. ते दहा दिवस बोळाला फार मोठे वाटले. मुलगा रोज पहाटे लांबूनच शेरूचे पाणी सरकवी आणि तो पाणी पितो की नाही ते पाही. समोरच्या खिडकीतून काकूही तेच पाहत. दोन्ही घरे एकाच कुत्र्याच्या पाणी पिण्याकडे डोळे लावून बसली होती.

त्या दिवसांत गल्लीत अनेक सल्ले निघाले. एक शेजारी म्हणाला, "विष घालून मोकळे व्हा." आजोबांनी त्याला तिथेच थांबवले. भारतीय न्याय संहिता हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आहे. त्याच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अब्बा म्हणाले, "मग पोत्यात घालून अंकलीच्या पुलापलीकडे सोडून येतो." आजोबा म्हणाले, "तोही गुन्हाच." प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हे त्या कायद्याच्या ११ व्या कलमात क्रूरता मानले आहे.

"मग कायमचा साखळीला बांधून ठेवतो!" अब्बा वैतागून म्हणाले. आजोबांनी पुन्हा मान हलवली. त्याच कलमात लिहिले आहे, की फार आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधून ठेवू नये. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. त्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा द्यायलाच हवा.

"आणि मोकळा सोडला तर?" मुलाने विचारले.

"तर न्याय संहितेचे २९१ वे कलम आहे," आजोबा म्हणाले. "आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल आणि मालकाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्यात शब्द 'ताब्यातील' असा आहे. पट्टा तुम्ही बांधलात, भाकरी तुम्ही घालता, राखण तुम्ही करवून घेता. मग ताबा कोणाचा?"

अब्बा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळी दारे बंद केलीत, आजोबा."

"सगळी नाही," आजोबा हसले. "एक दार उघडे आहे. ते समोरच्या घराचे."

त्या संध्याकाळी अब्बा आणि मुलगा काकूंच्या दारात गेले. अब्बा म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी खोटे बोललो. कुत्रा आमचा आहे. दवाखान्यात जाण्यायेण्याचा खर्च माझा. पुढच्या प्रत्येक सुईला मी स्वतः पोराला घेऊन जाईन."

काकू लगेच विरघळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तीन वेळा सांगितले, तेव्हा तुम्ही हसलात. माझा राग कुत्र्यावर नाही, भाई. त्या हसण्यावर आहे." पण त्यांनी दोघांना आत बसायला सांगितले.

मग आजोबांना बोलावून एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. शेरूला दरवर्षी रेबीजची लस द्यायची आणि प्रमाणपत्र जपून ठेवायचे. त्याची नसबंदी करायची. सकाळ-संध्याकाळ दोरी लावून त्याला फिरवायचे, पण बोळात मोकळा सोडायचे नाही. घाण झाली, तर ज्याने फिरवले त्याने ती लगेच उचलायची. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला कारखान्याच्या आतल्या अंगणात ठेवायचे. काकूंनी एक सहावी गोष्ट घातली : बोळातल्या मुलांनी कुत्र्याला दगड मारायचा नाही आणि तो जेवत असताना त्याला छेडायचे नाही.

अकराव्या दिवशी शेरू ठणठणीत होता. मुलगा त्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. काकूंचा नातू मात्र पुढे बरेच दिवस बोळाच्या दुसऱ्या बाजूने चालत असे. भीती कागदावर सही केल्याने जात नाही. तिला वेळ द्यावा लागतो.

या गोष्टीतील कागदासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. गावागावांतील छोटे तंटे असेच समोपचाराने मिटावेत, म्हणून महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू केली. त्या वेळी गृहखाते सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे आर. आर. पाटील यांच्याकडे होते. गावातील समितीने दोन्ही बाजू ऐकायच्या आणि समेट घडवायचा, अशी ही कल्पना होती.

समेट झालाच नाही, तर कायद्याचा मार्ग खुला असतो. सातारा शहरात नगरपरिषद आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांची मिळून १९९८ सालापासून एक महानगरपालिका आहे. कुत्रा पाळणाऱ्याने आपल्या पालिकेत नोंदणीचे व परवान्याचे नियम विचारून घ्यावेत. शेजाऱ्याने आपली तक्रार पालिकेकडे लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. एखादा प्राणी फारच धोकादायक असेल, तर त्याला बंदिस्त ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात.

इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचनांमध्ये मालकालाही सांगितले आहे, की सार्वजनिक जागी कुत्र्याला दोरी लावा आणि स्वच्छता राखा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करवून घेणे हे स्थानिक संस्थेचे काम आहे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण व नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे कायदा एका हाताने हक्क देतो आणि दुसऱ्या हाताने कर्तव्य.

आपल्याकडे कोणी कर्ज घेतले, तर त्याला जामीन लागतो. कर्जदार चुकला, तर जामीनदाराला उत्तर द्यावे लागते. कुत्रा मुका आहे. तो माफी मागू शकत नाही, दंड भरू शकत नाही, आपल्याला लस दिली की नाही हेही सांगू शकत नाही. ज्या दिवशी आपण त्याच्या गळ्यात पट्टा बांधतो, त्या दिवशी आपण त्याचे जामीन होतो. भाकरी घालताना 'आमचा' आणि चावल्यावर 'गल्लीचा' असे जामीनदाराला म्हणता येत नाही.

* * *

शब्दार्थ

तंटा – भांडण
निस्तरणे – झालेली चूक सावरून घेणे
ठपका – दोष
सनद – राजाने दिलेला लेखी हुकूम
मेंढपाळ – मेंढ्या पाळणारा
राखण – पहारा, देखरेख
पोटरी – पायाचा गुडघ्याखालचा मागील भाग
बेलीफ – न्यायालयाची नोटीस पोहोचवणारा कर्मचारी
मात्रा – औषधाचा एका वेळचा भाग
समोपचार – सामंजस्याने मार्ग काढणे
समेट – तडजोड
पोच – कागद मिळाल्याची सही
सरसकट – कोणताही भेद न करता
जामीन – दुसऱ्याच्या वतीने जबाबदारी घेणारा

वाक्प्रचार

चेहरा उतरणे – निराश होणे
डोळे लावून बसणे – आतुरतेने वाट पाहणे
वाऱ्यावर सोडणे – निराधार करणे
कोर्टाची पायरी चढणे – न्यायालयात दाद मागणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) खंड्याची समाधी कोठे आहे, असे लोक सांगतात?
(२) माळावर कुत्रा मेंढ्यांची राखण कोणापासून करतो?
(३) आजोबांनी जखम किती वेळ धुतली?
(४) रेबीजची लस प्रथम कोणाला दिली गेली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) अब्बा सुरुवातीला खोटे का बोलले?
(२) "माझा राग कुत्र्यावर नाही," असे काकू का म्हणाल्या?
(३) काकूंनी घातलेली सहावी गोष्ट का आवश्यक होती?
(४) पाठाला 'मुक्याचा जामीन' हे नाव का दिले असावे?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(१) "घरात नको म्हटले, पण उपाशी ठेव असे नाही म्हटले."
(२) "सगळी दारे बंद केलीत."
(३) "शेरूच्या गळ्यात पट्टा कोणी बांधला?"

प्र. ४. चूक की बरोबर ते लिहा.
(१) कुत्रा चावल्यास जखमेवर हळद व चुना लावावा.
(२) पाळलेला कुत्रा दूर सोडून देणे हा गुन्हा आहे.
(३) गृहनिर्माण संस्थेला कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी घालता येते.

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) हकीकत, सनद, जामीन, मालक, तक्रार, परवाना हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दूतील अर्थ सांगा. 'तक्रार' आणि 'परवाना' या शब्दांच्या मराठी व उर्दू अर्थांत कोणता फरक आहे, ते लिहा.
(आ) वर दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. लेखन
तुमच्या गल्लीत कुत्रे मोकळे सोडल्यामुळे लहान मुलांना शाळेत जाण्याची भीती वाटते. याबाबत पालिकेला विनंती करणारे पत्र लिहा. पत्रात कोणाला दूषण देऊ नका. काय घडते आणि काय व्हावे, एवढेच लिहा.

उपक्रम
तुमच्या परिसरात कुत्रा पाळणाऱ्या एखाद्या घरी पालकांबरोबर जा. कुत्र्याला लस केव्हा दिली आणि पुढची केव्हा द्यायची आहे, ते विचारून वहीत नोंद करा.